बीपीची गोळी व्हायरसला दार उघडते म्हणे!

परत तो मेसेज फिरायला लागलाय. वर लाल अक्षरात 'महत्त्वाची सूचना', खाली जोडलेले हात. म्हणणं असं की टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या कोरोनाला फुफ्फुसाचं दार उघडून देतात, म्हणून ताप आला की आधी त्या बंद करा आणि ॲडमिट झालात तर मुळीच घेऊ नका. माझं मेडिकल आहे. परवा एक काका टेल्माची, म्हणजे टेल्मिसार्टनचीच, अर्धी स्ट्रिप परत घेऊन आले, कात्रीने नीट कापलेली, म्हणे पैसे नको देऊस पण घरात नको ही. म्हणून लिहायला बसलो.

आधी ते 'दार'. हे अगदीच थाप नाहीये, तिथेच गोची आहे. व्हायरस पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रोटीनला चिकटून, आणि या गोळ्यांनी ते वाढतं असं काही प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं, त्यावरून मार्च २०२० मध्ये लॅन्सेटच्या एका जर्नलमध्ये पत्र छापून आलं की असं माणसांत होत असेल का. पत्र हां, पेशंटवर केलेली ट्रायल नाही! त्याच महिन्यात युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी गोळ्या चालू ठेवा असं सांगितलं, पण ते कोण फॉरवर्ड करतंय. आणि रॅमिप्रिल अडवते ते एसीई, एसीई-२ नाही. नावं भावाभावांसारखी, कामं उलटी, एक अँजिओटेन्सिन-२ म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं रसायन बनवतो, दुसरा ते मोडतो.

'बीपीवालेच जास्त दगावले ना?' अहो, बीपीवाले म्हणजे बहुतेक वयस्कर, कोणाला शुगर, कोणाची अँजिओप्लास्टी झालेली. इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर जास्त असते, म्हणून काय इन्सुलिनने शुगर वाढते म्हणायचं? इटलीत लोम्बार्डीमध्ये ६,२७२ कोरोना पेशंट तपासले, त्यांच्यात या गोळ्या घेणारे खरंच जास्त निघाले, पण हार्टच्या आजारांचा वगैरे हिशोब धरल्यावर गोळीचा संबंध काही उरला नाही.

आता मेन मुद्दा, ॲडमिट असताना बंद केल्याने फायदा होतो का. हे ब्राझीलमध्ये सरळ करूनच बघितलंय. आधीपासून या गोळ्या घेणारे ६५९ जण, कोरोनाने ॲडमिट, त्रास सौम्य ते मध्यम, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाची गोळी ३० दिवस बंद, दुसऱ्याची चालू. त्या ३० दिवसांतले किती दिवस जिवंत आणि हॉस्पिटलबाहेर गेले? बंदवाल्यांचे सरासरी २१.९, चालूवाल्यांचे २२.९. मृत्यू २.७ टक्के आणि २.८ टक्के. म्हणजे बंद करून हाती काही लागलं नाही. सात देशांत १५२ पेशंटवर अशीच ट्रायल झाली, तिथेही तेच.

'मग डॉक्टर स्वतःच का बंद करतात?' करतात की, कधीकधी. बीपी खाली गेलं, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, क्रिएटिनिन किंवा पोटॅशियम वाढलं तर थांबवतात आणि माणूस सावरला की बघून परत सुरू करतात. ते किडनीसाठी, दारासाठी नाही. हे रिपोर्ट बघून ठरतं, मोबाईल बघून नाही.

याचा उलटा मेसेजही आहे बरं का, टेल्मिसार्टनने कोरोना बरा होतो म्हणून. तेही तपासलं, ७८७ जणांवर, त्यातले जवळजवळ सगळे आपल्या भारतातले, फायदा दिसला नाही. उलट आयसीयूतल्या गंभीर पेशंटना या जातीच्या गोळ्या नव्याने सुरू केल्या तर नुकसानच होत असावं असं दुसऱ्या एका ट्रायलमध्ये दिसलं. पण नव्याने सुरू करणं वेगळं आणि दहा वर्षं चालू असलेली तोडणं वेगळं.

काकांना स्टुलावर बसवलं, पाच मिनिटांनी मशीन लावलं, १७२/१००. स्ट्रिप परत त्यांच्याच खिशात घातली आणि तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. जाताना कळलं, काकूंची ॲमलोडिपिन, वेगळ्याच जातीची बीपीची गोळी, पण यांनी आठ दिवस बंद ठेवलीय, जिचं मेसेजमध्ये नावसुद्धा नाही.