एका सहीत युद्ध संपतं म्हणे!

मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला युक्रेनवाला मेसेज आता आईच्या भिशीच्या ग्रुपवर पोचलाय आणि आई मला विचारतेय की हा झेलेन्स्की एवढा हट्टी का रे, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मेसेज थोडक्यात असा: राष्ट्राध्यक्ष आहे ना, मग डोनबास (युक्रेनचा पूर्वेकडचा भाग, जो रशियाला हवाय) देऊन टाकायची एक सही करायची, उद्या सकाळी युद्ध बंद, पण खुर्ची जाईल म्हणून पोरं मरू देतोय, निवडणूक पण घेत नाही, आणि 2022 मध्येच शांतता होणार होती ती ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सनने मोडली.

आधी ती सही. मामा, असली सही करायचा अधिकारच त्या माणसाला नाहीये. युक्रेनची राज्यघटना नेटवर आहे, कलम 73 बघा, एका वाक्याचं आहे: देशाच्या हद्दीत बदल करायचा तर तो फक्त देशभराच्या सार्वमताने. राष्ट्राध्यक्षाचं नावसुद्धा नाही त्यात. बरं, घ्या मग सार्वमत, तर त्यांच्या सार्वमताच्या कायद्यातच आहे की मार्शल लॉ, म्हणजे युद्धकाळातली आणीबाणी, असताना ते घेता येत नाही. घटनाच बदला? कलम 157, मार्शल लॉमध्ये घटनादुरुस्तीलाही बंदी. मग उठवा ना मार्शल लॉ! अहो, तो 24 फेब्रुवारी 2022 ला लागला तो रशियाचं सैन्य आत घुसलं म्हणून, हौस म्हणून नाही, आणि त्याला दर 90 दिवसांनी मुदतवाढ मंजूर करते संसद. युद्ध संपवून शांतता करायची तरी कलम 85 प्रमाणे प्रस्ताव राष्ट्राध्यक्षाचा आणि निर्णय संसदेचा.

आणि हे काही युक्रेनचं खूळ नाही. 1958 मध्ये नेहरूंनी पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांच्याशी करार करून बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग द्यायचं कबूल केलं होतं, तेव्हा 1960 मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घटनादुरुस्तीशिवाय देशाची जमीन परक्याला देता येणार नाही. 2015 ला बांगलादेशशी त्या छोट्या छोट्या वस्त्यांची अदलाबदल केली तेव्हा मोदी सरकारलाही 100वी घटनादुरुस्ती करूनच पुढे जावं लागलं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असताना एकट्याने जाऊन इसार घेतला तर काय होतं, हे मामांना मी काय सांगणार.

हां, गोळीबार थांबवायचा आदेश तो देऊ शकतो, सैन्याचा प्रमुख आहे. मार्च 2025 मध्ये सौदीतल्या जेद्दाला अमेरिकेने मांडलेली 30 दिवसांची शस्त्रसंधी युक्रेनने मान्य केलीच होती की. पुतिननी अटी काढल्या, झालं.

निवडणुकीचं सोडा. झेलेन्स्कीची मुदत मे 2024 ला संपली हे खरं, पण मार्शल लॉमध्ये निवडणूक नाही हा कायदा याच्या आधीपासूनचा. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्येही 1935 नंतर थेट 1945 ला निवडणूक झाली, तेव्हा कोणी बोंबललं नाही.

जॉन्सनचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. युक्रेनच्या वाटाघाटी करणाऱ्या टीमचे प्रमुख अराखामिया यांनीच 2023 मध्ये मुलाखतीत सांगितलं की जॉन्सन कीव्हला येऊन म्हणाले, काही सही करू नका, लढू या. पण त्याच मुलाखतीत ते असंही म्हणाले की रशियाला हवी तशी तटस्थता द्यायची तर घटना बदलावी लागली असती, कारण नाटोत, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी गटात, जायचा रस्ता घटनेतच लिहिलाय, शिवाय रशियावर भरवसा नव्हता. एवढं सोयीस्कर गाळलं मेसेजवाल्याने.

आणि अख्ख्या मेसेजमध्ये पुतिनचं नाव एकदाही नाही! त्यांनी 2020 मध्ये स्वतःच्या घटनेत घालून घेतलं की रशियाची जमीन कोणाला देता येणार नाही, मग सप्टेंबर 2022 मध्ये युक्रेनचे चार प्रांत रशियाचे म्हणून जाहीर करून त्याच घटनेत घातले. त्यातल्या खेरसन शहरातून त्यांचं सैन्य नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, नदीपलीकडे पळालं. शहरावर झेंडा युक्रेनचा, मॉस्कोच्या कागदावर शहर रशियाचं. ते सोडायला आता पुतिनची एक सही पुरेल का, तेवढं मेसेज लिहिणाऱ्याला विचारून सांगा.