टिंपनीचा पार्ट म्हणजे ‘दोन सूर आणि बाकी रिकामं पान’? अजिबात नाही

सध्या एक पोस्ट फिरतेय, कॉयरमध्ये (समूहगायनात) गाणाऱ्यांनी तर नक्कीच वाचली असेल. त्यात म्हटलंय की वेस्टर्न क्लासिकलच्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या छापील नोटेशनमध्ये, सगळ्यात फालतू पार्ट टिंपनीचा (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे), दोनच सूर, त्यांना सूर तरी कशाला म्हणायचं, नुसते ठोके, बाकी पानभर रेस्ट (गप्प बसायच्या जागा), शेवटी जोरात धडामधूम, आणि म्हणून कॉयरचं काम बसवताना टिंपनी सरळ काढून टाका, पियानो पुरतो. लोक भराभर शेअर करतायत आणि कार्यक्रम ठरवणारी मंडळी ते खरं धरून चाललीयेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, “टिंपनीला सूर नसतो”. हे साफ चूक आहे. टिंपनी ठरावीक सुरातच लावतात, स्कोअरमध्ये पार्टच्या सुरुवातीलाच कुठले सूर लावायचे ते छापलेलं असतं. तबला षड्जात लावतात तसंच, फक्त इथे कातड्याच्या कडेने स्क्रू किंवा खाली पेडल. आणि कंपोझर हे सूर विचार करून निवडतात. बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ या ऑपेरात (गाऊन सादर होणारं नाटक) दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला अंधारकोठडी आहे, तिथे त्याने दोन टिंपनी ए आणि ई फ्लॅटमध्ये लावायला सांगितल्यात, म्हणजे आपल्या भाषेत सा आणि तीव्र म. त्या काळी सगळे सा-प लावायचे, त्यामुळे पहिल्या काही ठोक्यांतच कळतं की इथे काहीतरी भयंकर आहे, एक शब्दही गायला जायच्या आधी. त्याच्याच आठव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात आणि नवव्याच्या स्केर्झोत (चपळ गतीचा भाग) तर दोन्ही टिंपनी एकाच सुरात, एफमध्ये, एक खालच्या आणि एक वरच्या सप्तकात. सूरच नसता तर हा उपद्व्याप कशाला केला असता त्याने?

दुसरा, “बाख, हँडलकडे दोनच सूर, म्हणजे डोकं लावायचं कामच नाही”. दोन सूर हे खरं आहे, पण त्याला कारण आहे. तेव्हाच्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा) नव्हते, एकाच स्केलचे ठरावीक सूर निघायचे, ट्रम्पेट आणि टिंपनी एकत्रच यायचे, लष्करातून आणि राजदरबारातून आलेली जोडी ती, त्यामुळे ट्रम्पेट ज्या स्केलमध्ये त्याचा सा आणि खालचा प एवढेच टिंपनीला. बाखच्या पार्टमध्ये कागदावर सी आणि जी लिहिलेलं असतं आणि वाजतं डी आणि ए, नवीन माणूस इथेच गडबडतो. पण सूर दोन म्हणून काम कमी असं कुणी ठरवलं?

यातला बाखचा ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ (कॉयर आणि ऑर्केस्ट्राची मोठी धार्मिक रचना) जरा नीट बघू, कारण माझ्या मते त्या पोस्टला एवढं एकच उदाहरण पुरे आहे. 1734 चं काम. पहिल्या कोरसची सुरुवात टिंपनी करते, एकटी, बाकी सगळे गप्प. मग बासऱ्या आणि ओबो (सनईसारखं वाद्य) उत्तर देतात. पुढे कॉयर येतं तेव्हा चारही आवाज वेगवेगळे न गाता एकाच सुरावटीत गातात, आणि ती सुरावट म्हणजे टिंपनीने सुरुवातीला वाजवलेलीच. सोप्रानोंना (सगळ्यात उंच आवाजवाल्यांना) तो सूर खाली पडतो, बरेच जण विचारतात की बाखने असं अवघड का करून ठेवलंय. कारण असं की हे संगीत मुळात आदल्या वर्षीचं आहे, 1733 च्या डिसेंबरमध्ये राणीच्या वाढदिवसाला लिहिलेला कँटाटा (गायक आणि वाद्यांची छोटी रचना), आणि त्याचे पहिले शब्द होते, घुमा नगाऱ्यांनो, गर्जा तुताऱ्यांनो! म्हणजे कॉयर नगाऱ्याला हाक मारत होतं, त्याच्याच सुरावटीत. वर्षभराने बाखने शब्द बदलून ख्रिसमसचे केले, सुरावट तीच ठेवली. आता टिंपनी काढा आणि तेच पियानोवर डाव्या हाताने वाजवा, कॉयर नक्कल करतंय ती कुणाची तेच कळणार नाही.

तिसरा मुद्दा, “नुसते रेस्ट मोजत बसायचं”. हँडलच्या ‘मसाया’ या ऑरेटोरिओत टिंपनी फक्त दोन ठिकाणी आहे, ‘हालेलुया’ आणि अगदी शेवटचा कोरस. दोन-अडीच तासांच्या कामात दोनदा! पण म्हणूनच ‘हालेलुया’ अंगावर येतो, तोपर्यंत कानांनी तो आवाज ऐकलेलाच नसतो, आणि हे हँडलने केलंय ते मुद्दाम असंच मी मानतो. शिवाय बऱ्याच कामांत रेस्ट म्हणजे विश्रांती नसतेच. पुढच्या भागासाठी सूर बदलायचे असतात, आजूबाजूला पूर्ण ऑर्केस्ट्रा वेगळ्याच स्केलमध्ये वाजत असतो, आणि वाजवणारा कातड्याजवळ कान नेऊन बोटाने हलकं टिचकी मारत नवा सूर शोधत असतो, बार (तालाची आवर्तनं) मोजणं चालू ठेवून. पेडलवाल्या टिंपनी 1880 च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये आल्या, त्याआधी बहुतेकांना हे सगळं एकेक स्क्रू फिरवून करावं लागायचं. एवढं करून नेमक्या बारला, नेमक्या सुरात एंट्री घ्यायची, आणि चुकली तर हॉलमधल्या शेवटच्या रांगेलाही कळतं.

चौथा, “टिंपनी म्हणजे मोठा आवाज”. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण टिंपनीची सगळ्यात सुंदर पानं हळू आवाजाची आहेत. बेथोव्हेनचं व्हायोलिन कॉन्चेर्टो, 1806, सुरुवात टिंपनीच्या चार हळू ठोक्यांनी. हायडनने 1796 मध्ये युद्धकाळातला मास (चर्चमधल्या उपासनेचं संगीत) लिहिला, तेव्हा नेपोलियनची फौज इटलीत ऑस्ट्रियाला मागे रेटत होती, आणि शेवटच्या भागात कॉयर दयेची प्रार्थना करत असताना खालून टिंपनी हळू वाजत राहते, लांबून कुणी येतंय अशी. बेथोव्हेनच्या ‘मिसा सोलेम्निस’मध्ये तर अगदी शेवटी, कॉयर शांती मागतंय, सगळं डी मेजरमध्ये स्थिरावतंय, आणि टिंपनी हळूच बी फ्लॅट वाजवते, त्या स्केलबाहेरचा सूर. युद्ध संपलेलं नाहीये. हे सांगायला त्याला एक वाद्य पुरलं.

आणि नको तिथे जोरात वाजवलं तर काय होतं त्याचा पुरावाही आहे. 1 डिसेंबर 1867, व्हिएन्ना, ब्राम्सच्या ‘जर्मन रेक्विएम’चे (रेक्विएम म्हणजे मृतांच्या स्मरणातलं संगीत) पहिले तीन भाग. तिसऱ्या भागाच्या शेवटी 36 बारचा फ्यूग आहे (एकच सुरावट एकेक आवाज पाठोपाठ उचलतो) आणि त्याखाली सलग एकच सूर, डी. टिंपनीवाल्याने तो असा बडवला की वरचा कॉयरचा फ्यूग ऐकूच आला नाही, लोकांनी नाक मुरडलं. पुढच्या वर्षी ब्रेमेनमध्ये तेच काम गाजलं. एका पार्टच्या आवाजावर आख्खा फ्यूग अवलंबून असतो, आणि त्याला म्हणे फालतू पार्ट.

पाचवा, “रेक्विएममधल्या टिंपनी म्हणजे दिखावा”, आणि उदाहरण व्हेर्दीच्या रेक्विएममधल्या ‘दिएस इरे’ या भागाचं, ते प्रसिद्ध धाडधाड ठोके. ते ठोके टिंपनीचे नाहीतच, बास ड्रमचे आहेत, स्कोअर उघडला असता तरी कळलं असतं. बर्लियोझचं उदाहरण दिलं असतं तर निदान चर्चा झाली असती, कारण 1837 च्या त्याच्या रेक्विएममध्ये 16 टिंपनी आणि 10 वाजवणारे आहेत. पण तिथेही प्रत्येक जोडीचे सूर वेगळे लिहिलेत, म्हणजे सगळे मिळून कॉर्ड (एकाच वेळी अनेक सूर) वाजवतात, नुसती गडगड नाही. बर्लियोझ तर काठीच्या टोकाला काय हवं, लाकूड की स्पंज, तेही पार्टमध्ये लिहायचा.

राहिला शेवटचा, “पियानो पुरतो”. यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे 2006 पासून, पण इथल्या आणि गोव्यातल्या लहान कॉयरला ऑर्केस्ट्रा परवडत नाही, पियानोवर किंवा कीबोर्डवर भागवावं लागतं, आणि ब्राम्सने स्वतःच त्या रेक्विएमचं दोघांनी एका पियानोवर वाजवायचं व्हर्जन करून ठेवलंय, ते खुशाल करा. पण रिहर्सलसाठी छापलेल्या व्होकल स्कोअरमधून (गायकांचे सूर आणि ऑर्केस्ट्राच्या जागी पियानो) परफॉर्मन्स करणं हा वेगळा प्रकार आहे, त्यात टिंपनीचा रोल म्हणजे डाव्या हाताची थरथर, आणि कित्येकदा तीही गाळलेली. आणि ‘कार्मिना बुराना’ करणार असाल तर त्याचं 1956 चं छोटं व्हर्जन बघा, मूळ कंपोझर ऑर्फच्या संमतीनेच झालेलं, शाळा आणि लहान कॉयरना परवडावं म्हणून. त्यात स्ट्रिंग्ज काढल्या, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) काढलं, बासऱ्या काढल्या, त्यांच्या जागी दोन पियानो आले. टिंपनी आणि बाकीचं पर्कशन तसंच ठेवलं. तेव्हा ते व्हर्जन घेणार असाल तर तारीख ठरवायच्या आधी टिंपनी कुठून मिळतील याची चौकशी करा, पाच लागतात.