बंदरावर न्यायला ड्रोन मागू नका रे भो

परवा गल्लीतला एक पोरगा घरी आला, म्हणे दादा दोन दिवसांसाठी ड्रोन द्या ना, आमच्या केळीचा कंटेनर न्हावा शेव्याला, म्हणजे उरणजवळच्या बंदराला चाललाय, मी पण ड्रायव्हरसोबत जातोय, बागेपासून जहाजापर्यंत एक भारी रील बनवतो. बागेपासून म्हटला तेव्हा मी खुश, जहाजापर्यंत म्हटल्यावर सरळ नाही सांगितलं. पोरगं तोंड पाडून गेलं, वरून त्याच्या आईने माझ्या आईला ऐकवलं की तुझ्या पोराला लय माज आलाय. म्हणून इथेच लिहून टाकतो, गल्लीत दारोदार सांगत फिरायला नको.

त्याची हौस मला कळते हां. रावेर-सावद्याकडे आपण वर्षभर बागेत राबतो, घड कापायचा, फण्या धुवायच्या, १३ किलोच्या खोक्यात भरायच्या, आणि एकदा कंटेनरचा दरवाजा लागला की पुढचं काहीच दिसत नाही. आत १३-१४ डिग्रीवर केळं झोपतं ते थेट आखातात जाऊन उठतं. ते बंदर वरून बघावं असं कोणालाही वाटेल. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी ड्रोन घेऊन उरणला गेलो होतो. मोरा बंदराच्या धक्क्यावर बॅग उघडली, ड्रोनचे हात सरळ केले, तेवढ्यात जाळं शिवत बसलेल्या एका कोळी काकांनी विचारलं, कुठचे रे तुम्ही? म्हटलं जळगावकडचे. ते म्हणाले, "तरीच." आणि परत जाळ्यात डोकं घातलं. त्या 'तरीच'वर माझी बॅग बंद झाली.

नंतर नकाशा नीट बघितला तेव्हा घाम फुटला. एका बाजूला करंजाला नौदल, उरणला ओएनजीसीचा तेल-वायूचा प्लांट, खाडीपल्याड ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, मधे जवाहर द्वीपावर तेलाच्या टाक्या, आणि बंदरावर सीआयएसएफचा, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलाचा पहारा. २००८ साली २६/११ ला ते दहा जण समुद्रातूनच आले होते हे विसरून कसं चालेल. आपण पठारावरची माणसं, आपल्याला समुद्र म्हणजे रिकामं वावर वाटतं. भुसावळचा माणूस ऑर्डनन्स फॅक्टरीच्या भिंतीजवळ साधा मोबाईलही वर करत नाही, लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं ते. तोच माणूस मुंबईला गेला की अक्कल दादर स्टेशनवर ठेवून पुढे जातो.

आता लगेच कोणीतरी लिहील, माझा २४९ ग्रॅमचा आहे, त्याला नियम लागत नाही. लागतो भाऊ. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, एवढीच सूट आपण पाठ केलीय. रेड झोन म्हणजे ड्रोनला मनाई असलेली हद्द, ती सगळ्यांना सारखीच, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अडीचशे ग्रॅमचं पण उडत नाही. दंड एक लाखापर्यंत. शिवाय जवळच उलव्याला आता नवी मुंबई विमानतळ झालाय. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच यलो झोन धरतात, म्हणजे तिथे एटीसीची (विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांची) परवानगी, आणि ८ ते १२ च्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंत मोकळीक. पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश निघत असतात ते वेगळेच.

बरं नियम सोडा, मशीनचं सांगतो, कारण यात माझे पैसे गेलेत. उरणहून आल्यावर हौस काही जिरली नव्हती, म्हणून हतनूरच्या बॅकवॉटरला एका ओळखीच्या मच्छीमाराच्या पत्र्याच्या होडीत बसलो आणि होडीतूनच ड्रोन उडवला. कंपास एरर आला होता स्क्रीनवर, खाली पत्रा ना, मी म्हटलं होईल नीट. दहा-बारा मिनिटं मस्त चाललं, बॅटरी कमी झाली, मी रिटर्न टू होम दाबलं आणि निवांत बसलो. आता होम म्हणजे कुठे? जिथून उडवला ती जागा. आणि होडी तोपर्यंत वाऱ्याने कुठल्या कुठे सरकलेली. ड्रोन अगदी इमानदारीत आपल्या जागेवर गेला आणि पाण्यावर उतरायला लागला. खालचा कॅमेरा-सेन्सर हलत्या पाण्यावर येडा होतो, त्याला कळत नाही ही जमीन आहे का काय. मी ओरडतोय, होडीवाला वल्हं मारतोय, आणि आमच्या डोळ्यांदेखत गुडुप. बाहेरच्या ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद, त्यामुळे दुसरा कसा जमवला ते माझं मला माहीत. आई अजून म्हणते, तुले काही कामधंदे नाहीत का.

हे साध्या धरणावर झालं. बंदरात तर चारी बाजूंनी लोखंडच, कंटेनरच्या थप्प्या, जहाजं, क्रेन. कंपास बिघडणार, जीपीएसचा सिग्नल लोखंडावरून उलटसुलट येणार, दुपारी खारा वारा सुटणार, आणि परत येण्याची उंची कमी ठेवली असेल तर मधे क्रेनची दांडी आहेच. खाली माणसं काम करत असतात राव. आणि पडली ती लिथियमची बॅटरी कशावर पडेल कोणी सांगावं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, त्यात स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठी होत्या. शेकडो माणसं गेली. अग्निशमन दिन त्याच तारखेला पाळतात. आपल्याकडे जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, गाठ आतून धुमसते तेव्हा बाहेर काय दिसतं, आणि दिसतं तेव्हा किती उशीर झालेला असतो.

माझी तक्रार एकच आहे, आणि ती खरी आहे. ज्याचा माल त्या बंदरातून जातो त्या शेतकऱ्याला ते बंदर बघायची सोय नको का? एखादी उंच गच्ची बांधा, जाळी लावा, आधार कार्ड बघा, तिकीट घ्या, आम्ही एसटीने येऊ. तेवढं केलं तर निम्मी पोरं ड्रोनची बॅग घरीच ठेवतील.

तर त्या पोराला निरोप. बागेचं शूट मी स्वतः येऊन करून देतो, फुकट, फक्त सकाळी सातच्या आत बोलव, नंतर वारा सुटतो. पुढचा रस्ता ड्रायव्हरच्या केबिनमधून मोबाईलवर काढ, कसारा घाट मस्त येईल. गेट दिसलं की मोबाईल खिशात.