किंथुपच्या ओंडक्यांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, तिबेटातली त्सांगपो म्हणजेच ब्रह्मपुत्रा, या शोधाचं श्रेय मी किंथुपच्या, म्हणजे ब्रिटिशकालीन सर्वेक्षण खात्याने तिबेटात पाठवलेल्या सिक्कीमच्या माणसाच्या, पदरात उगाच टाकलं. तो निरक्षर होता, त्याने एक कोनही मोजला नाही, त्याच्या नावावरचा 150 फुटी धबधबा खोटा निघाला आणि खरं शास्त्रीय काम 1913 मध्ये बेली आणि मोर्सहेड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केलं.

कोन मोजले नाहीत, हे खरंच. त्सांगपोच्या खोल घळीच्या भरवशाच्या नकाशाचं श्रेय मोर्सहेड यांचंच. पण 1880 मध्ये किंथुपला पाठवलं ते एका चाचणीसाठी. त्सांगपो आसामात उतरते की ब्रह्मदेशातल्या इरावतीला मिळते, यावर तेव्हा वाद होता. सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन हरमन यांनी ठरवलं, की वरून खुणेचे ओंडके सोडायचे आणि खाली आसामात माणसं बसवून ते येतात का बघायचं.

सोबत पाठवलेल्या लामाने किंथुपला वाटेतच गुलाम म्हणून विकलं. तो पळाला. नदीकाठच्या मारपुंग मठाच्या मठाधिपतींनी पैसे भरून त्याला सोडवलं, तेव्हा त्यांची चाकरी करणं आलं. तीर्थयात्रेच्या नावाखाली रजा मागून त्याने फूटभर लांबीचे 500 ओंडके तोडले, लपवून ठेवले आणि ल्हासा गाठून, कोणत्या तारखेपासून ते सोडणार हे कळवणारं पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलं. मग परत येऊन ठरल्या दिवसापासून रोज 50 ओंडके पाण्यात. हरमन मात्र तोवर आजारी पडून देश सोडून गेले होते. पत्र त्यांच्या हाती पडलं नाही, आणि खाली पहारा बसलाच नाही. चाचणी फसली ती खालच्या टोकाला; वरच्या टोकाचा माणूस चार वर्षं आपल्या कामाला चिकटून होता.

आता धबधबा. 1884 मध्ये परतल्यावर किंथुपने तोंडी हकिगत सांगितली. ती दुसऱ्यांनी लिहून घेतली, मग तिचं इंग्रजी झालं. घळीतल्या पेमाकोचुंग या ठिकाणी त्सांगपोवर जेमतेम 30 फुटांची उडी आहे. उंच धार आहे ती ग्याला गावाजवळ नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याची. कागदावर या दोन जागांची एक झाली. निरक्षर माणसाला तो कागद वाचून तपासता येणार नव्हता, आणि त्याला तो कोणी वाचून दाखवला असता तर घोळ तिथेच मिटला असता.

तुम्ही ज्यांचा दाखला देता त्या बेलींनी किंथुपची हकिगत जागेवर पडताळली आणि बाकी वर्णन नेमकं असल्याचं नमूद केलं. पुढे त्यांनी त्याला शोधून काढलं, तेव्हा तो शिंपीकाम करत होता. बेलींनी सरकारकडे त्याच्यासाठी पेन्शन मागितली. मिळाले एकरकमी हजार रुपये.