११८ अश्वशक्ती आणि १७५चे टायर

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस पडून आठवडा झाला होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातील माझ्या नेहमीच्या टायरवाल्याने गाडी जॅकवर चढवली, पुढच्या चाकावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, "काका, एवढ्या इंजिनाला हे सायकलचे टायर किती दिवस ठेवणार?" माझी गाडी जुनी पेट्रोल सेडान आहे. तिचे दीड लिटरचे इंजिन ११८ अश्वशक्ती देते आणि कंपनीने तिला दिलेल्या टायरांचे माप १७५/६५ आर १५ असे आहे, म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच. टायरवाल्याचा आग्रह १९५/६० घालण्याचा होता. शेजारी माझा भाचा उभा होता. त्याने स्वतःच्या टर्बो गाडीची १६ इंची चाके उतरवून १७ इंची अलॉय आणि २१५/४५चे टायर आधीच चढवले होते, तेव्हा त्याचे मत विचारण्याचे कारणच नव्हते. मी जुन्याच मापाचे चार टायर घेतले, मात्र ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे, वरच्या प्रतीचे घेतले. "मामा, पैसे वाचवलेत," असे भाचा म्हणाला. खरे तर रुंद पण साध्या टायरांपेक्षा हे महाग पडले होते.

त्या दुकानात जाण्याची वेळ का आली, ते आधी सांगतो. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा जो निसरडा थर तयार होतो, त्यावर वाघोडिया चौकडीजवळ मला ब्रेक मारावा लागला. वेग ५०च्या आसपास असेल. पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक मारताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर सुरू झाली, पुढचा टेम्पो जवळ येत गेला आणि गाडी थांबली तेव्हा दोघांमध्ये हातभर अंतर उरले होते. घरी आल्यावर टॉर्च घेऊन टायर पाहिले. नक्षी ३ मिलिमीटरच्या आसपास शिल्लक होती, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेच्या वर होती. पण साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा, चार आकड्यांचा शिक्का २३१८ असा होता, म्हणजे टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले होते. नखाने दाबून पाहिले तर रबर खुर्चीच्या पायासारखे कडक लागत होते. लिमड्याला आणि हालोलला टायरचे मोठे कारखाने असलेल्या आमच्या बडोद्यात हा शिक्का वाचणारे लोक फारसे भेटत नाहीत, आणि त्या दिवसापर्यंत मीही तो कधी वाचला नव्हता.

टायर रुंद केला की रस्त्याला जास्त रबर टेकते, ही समजूत निम्मीच खरी आहे. माणसांसह गाडी १२०० किलोची धरली तर एका चाकावर साधारण ३०० किलो भार येतो. टायरमधली ३२ पीएसआय (हे दाबाचे एकक) हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो पेलते, म्हणून ३०० किलोसाठी साधारण १३३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकते. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तरी ही जागा जवळपास तेवढीच राहते. फक्त लांबट ठसा आखूड आणि आडवा होतो. वळणावर हा आडवा ठसा निश्चितच उपयोगी पडतो, स्टिअरिंगला गाडी चटकन उत्तर देते, आणि उष्णता जास्त रबरात वाटली जात असल्याने मऊ मिश्रण वापरता येते. कोरड्या रस्त्यावर चांगला रुंद टायर माझ्या टायरांना हरवील, यात वाद नाही.

पाण्यात मात्र हिशेब उलटतो. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले असेल आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असेल, तर पूर्ण रुंदी धरून २१५चा टायर सेकंदाला सुमारे १४ लिटर पाणी बाजूला सारतो आणि १७५चा साडेअकरा लिटर. हे काम जमले नाही की टायर पाण्यावर तरंगू लागतो. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र निघाले. त्यात रुंदीचा उल्लेखही नाही, सगळी भिस्त हवेच्या दाबावर आहे. त्याप्रमाणे ३२ पीएसआयला तरंगण्याचा वेग सुमारे ९४ किलोमीटर येतो आणि २४ पीएसआयला ८२च्या आत. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर पावसात शंभरने जाणाऱ्या किती जणांनी त्या महिन्यात हवा तपासलेली असते?

मोठी ताकद आणि अरुंद टायर ही जोडी काही अनैसर्गिक नाही. १९६१ची जग्वार ई-टाइप २६५ अश्वशक्तीची होती आणि तिचे टायर ६.४० इंचांचे, म्हणजे सुमारे १६३ मिलिमीटरचे होते. आपल्याकडच्या छोट्या स्विफ्टच्या प्राथमिक आवृत्त्यांनाही त्याहून किंचित रुंद, १६५चे मिळत आले आहेत. १९३७च्या मर्सिडीज डब्ल्यू १२५ या शर्यतीच्या गाडीत सहाशेच्या जवळपास अश्वशक्ती होती आणि टायर आजच्या मानाने काटकुळेच होते. ती चालवणारे लोक वेगळ्या धातूचे असावेत. बीएमडब्ल्यूने आय ३ या विजेवरच्या गाडीला १७० अश्वशक्ती देऊन १५५ मिलिमीटरचे टायर लावले, पण चाक १९ इंचांचे केले, त्यामुळे ठसा लांब झाला. टोयोटाने २०१२मध्ये ‘८६’ नावाच्या २०० अश्वशक्तीच्या स्पोर्ट्स गाडीला प्रियस या इंधन वाचवणाऱ्या गाडीवर मिळणाऱ्याच जातीचे टायर मुद्दाम दिले, कारण गाडी कमी वेगातही मागून सरकावी आणि चालवणाऱ्याला ते कळावे, अशी त्यांची इच्छा होती.

मलाही हेच आवडते. सकाळी रिकाम्या अकोटा चौकात दुसऱ्या गिअरमध्ये वळताना माझे पुढचे टायर ताशी चाळीसच्या वेगातच कुरकुर करू लागतात, स्टिअरिंग हाताला किंचित हलके लागते आणि मी पाय उचलतो. उंच साइडवॉल दबत दबत कलते, म्हणून इशारा आधी मिळतो आणि घसरणे नंतर येते. भाच्याच्या गाडीत त्या वळणावर काहीच ऐकू येत नाही. तिची मर्यादा बऱ्याच वरच्या वेगावर आहे, पण ती येते तेव्हा फारशी सूचना न देता येते.

ऑगस्टमध्ये हालोल रस्त्यावर पाण्याने भरलेला एक खड्डा त्याला दिसला नाही. ९७ मिलिमीटरची साइडवॉल तो धक्का सोसू शकली नाही. रिम वाकली आणि टायरला लिंबाएवढा फुगा आला. पावसाळ्यापुरती त्याने जुनी १६ इंची चाके परत चढवली आहेत. अलॉय मात्र विकलेले नाहीत, ते माझ्याच गच्चीवर प्लास्टिकखाली ठेवले आहेत, आणि दसऱ्यानंतर रस्ते कोरडे झाले की तो ते पुन्हा लावणार आहे.