‘पैसा बी ग्यात नी तोंड बी जयनं’ : चोपड्याच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

बाकीच्या वाचकांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. सलून-स्पाच्या दिवसावरचा लेख वाचून तुम्ही आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी पार्लरचं अख्खं पॅकेज घेतलं. थ्रेडिंग, हातापायांचं वॅक्स, अप्परलिप, ब्लीच, गोल्ड फेशियल, पेडिक्युअर, सगळं एका बैठकीत. दुसऱ्या दिवशी उन्हात झोके खेळून झाल्यावर गाल लालभडक, ओठावर पुरळ, आणि आता महिना झाला तरी तिथे काळपट डाग. वर तुम्ही लिहिलंय, ‘हे सगळे चोचले, आमचं बेसन-हळद काय वाईट होतं? पैसा बी ग्यात नी तोंड बी जयनं.’ (पैसेही गेले आणि तोंडही भाजलं.)

चोचले तर चोचले, वर्षातून एखाद्या दिवशी करावेत. पण तुम्ही घेतलंत त्यातली निम्मी कामं चोचल्यांची नव्हतीच. मालिश, पाय, हेअर स्पा हा लाड. थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच ही कातडीला त्रास देणारी तयारी, आणि ती समारंभाच्या तीन-चार दिवस आधी उरकायची असते. पॅकेजवाल्यांना दोन्ही एका दिवसात बसवणं सोयीचं पडतं, कारण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते.

तुमच्या गालावर काय झालं असेल ते बघा. अप्परलिपची पट्टी ओढली की केसांबरोबर कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थरही निघतो आणि केसांची छिद्रं उघडी राहतात. त्यावर लगेच ब्लीच. ब्लीचच्या क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, आणि पावडर मिसळली की ते जोर धरतं. घाईच्या दिवशी ‘लवकर चढावं’ म्हणून पावडर चिमूटभर जास्त पडते, तिथेच आग सुरू होते. मग स्क्रब, मग वाफ. वाफ तीन ते पाच मिनिटं पुरे. दहा मिनिटं दिली की आधीच चिडलेली कातडी आणखी फुलते. आणि दुसऱ्या दिवशी वैशाखातलं खानदेशी ऊन, पारा 44 च्या आसपास. काळे डाग पडतात ते यातून. कातडी भाजली किंवा चिडली की बरी होताना जास्त रंग तयार करते, आणि ऊन त्यात भर घालतं.

थ्रेडिंग किंवा वॅक्सनंतर ब्लीचला किमान दोन दिवसांचं अंतर हवं. ब्लीचची चाचणी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस आधी करावी. केसांना डाय लावायचा असेल तर चाचणी 48 तास आधी, कारण त्याची ॲलर्जी उशिरा उठते. रात्री मुरुमांची ॲडापलीन किंवा रेटिनॉलची क्रीम लावत असाल तर ती वॅक्सच्या आठवडाभर आधी बंद. नाहीतर पट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा निघतो. (गोल्ड फेशियलमधलं सोनं कातडीत मुरत नाही. चमक दिसते ती मालिशची आणि वरच्या क्रीमची.)

वॅक्स आणि पेडिक्युअर एका दिवशी नको, याचं कारण बऱ्याच पार्लरवाल्यांनाही सांगता येत नाही. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनच्या पाय भिजवायच्या टबांमधून शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांना गळवं आली. टबाच्या जाळीमागे केस आणि मळ साचून त्यात जंतू वाढले होते, आणि आधी पायांवर रेझर फिरवलेल्या बायकांना धोका जास्त होता. कातडीवर बारीक जखमा असल्या की पाण्यातल्या जंतूंना वाटच मिळते. म्हणून पाय भिजवायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी वॅक्स-शेव्हिंग टाळा. बुडबुड्यांच्या भारी टबापेक्षा डोळ्यांदेखत धुतलेला साधा प्लास्टिकचा टब बरा.

आपल्याकडे खरी गरज टाचांचीच. कोरडी हवा, उघड्या चपला, शेतातली माती. पाय कोमट पाण्यात दहा-बारा मिनिटं भिजवा, जास्त नको. फार भिजलेली कातडी लगद्यासारखी होते, मेलेली कुठली आणि जिवंत कुठली ते कारागिराला कळत नाही, आणि वजरी खोल जाते. ब्लेड काढलं तर सरळ ‘नको’ म्हणा. कापलेली टाच पुढे आणखी जाड होऊन फुटते. नखं आडवी सरळ कापायची, कोपऱ्यात गोलाई नको. नखाकडेची कातडी मागे सारायची, कापायची नाही, नाहीतर नखुरडं होतं. रात्री दहा ते वीस टक्के युरिया असलेली क्रीम आणि वर सुती मोजे. मधुमेह असेल तर पाण्याची ऊब आधी कोपराने तपासा, पायाला भाजलेलं कळत नाही.

केस धुताना मान बेसिनच्या काठावर मागे लटकवू देऊ नका, खाली टॉवेलची गुंडाळी घ्या. मान तशी ताणून ठेवल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा अडून पक्षाघाताचा झटका आल्याच्या केसेस 1993 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आल्या आहेत. क्वचित घडतं, पण गुंडाळीला पैसे पडत नाहीत.

मालिश जेवणानंतर दोन तासांनी. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर तिथे मालिश अजिबात नाही, आत रक्ताची गाठ असू शकते; आधी डॉक्टर. बीपीची गोळी चालू असेल तर स्टीमरूमपासून लांब राहिलेलं चांगलं, उठताना चक्कर येते.

आता बेसन-हळद. ती वाईट नाही, फक्त वॅक्सनंतर दोन दिवस चोळू नका. भीती लिंबाची. उटण्यात लिंबू पिळून अंगाला लावलं आणि तसंच उन्हात गेलं, की लिंबातले घटक उन्हाशी मिळून कातडी भाजतात आणि महिनोन्महिने न जाणारे डाग ठेवतात.

तुमच्या डागांवर सध्या ब्लीच, स्क्रब, डी-टॅन काही नको. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, चेहऱ्याला दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि वर स्कार्फ. डाग जायला काही महिने लागतात. मेडिकलवाल्याने ‘डागांची क्रीम’ म्हणून ट्यूब दिली तर मागची अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर परत करा. ही स्टिरॉइडं आहेत, आठवडाभर चेहरा उजळ दिसतो आणि नंतर कातडी पातळ होऊन जास्त लाल पडते. कातडीच्या डॉक्टरांकडे जाताना ब्लीचचा डबा मिळाला तर सोबत न्या, त्यातलं नेमकं काय लागलं ते त्यांना कळेल.