प्रकाशनसंस्था कुणाच्या मालकीची?

2023 च्या सुरुवातीला सेज इंडियाने, म्हणजे समाजशास्त्राची पुस्तकं आणि संशोधन-जर्नलं काढणाऱ्या सेज या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या भारतातल्या शाखेने, आपला पुस्तकांचा विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं. जर्नलं चालू, पुस्तकं बंद. तेव्हापासून पुण्या-मुंबईतल्या प्राध्यापक मित्रांशी माझा वाद चालू आहे. काहींचं म्हणणं, परदेशी कंपनीच ती, नफा आटला की गाशा गुंडाळणारच. बाकीचे म्हणतात, समाजशास्त्राची पुस्तकं विकत घेतंच कोण? मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. सेजचं मुख्यालय इथल्याच थाउजंड ओक्स गावात आहे. या संस्थेचा इतिहास पाहिला की मला आपल्याकडच्या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. खरा प्रश्न मालकीचा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

सारा मिलर या क्वीन्स कॉलेजात राज्यशास्त्र शिकलेल्या तरुणीने 1965 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सेज सुरू केली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्याआधी मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेत नोकरी करून तिने धंदा पाहिला होता. तिथलेच वरिष्ठ जॉर्ज मॅक्यून पाठीशी उभे राहिले. सारा आणि जॉर्ज यांच्या नावांतून संस्थेचं नाव आलं. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं आणि बिऱ्हाड कॅलिफोर्नियात हलवलं. पहिलं जर्नल होतं 'अर्बन अफेअर्स क्वार्टर्ली'. 1965 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसचा वॉट्स भाग दंगलीत पेटला होता. शहरांचं काय करायचं हा प्रश्न समाजशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, नगररचनाकार सगळ्यांनाच पडला होता, पण प्रत्येकाचं जर्नल वेगळं. साराने त्यांना एका मांडवाखाली आणलं. प्रस्थापित प्रकाशक विद्याशाखांच्या भिंती धरून बसले होते. ही संस्था भिंतींच्या मधल्या जागेत वाढली. सरकारी योजनांचं मूल्यमापन कसं करावं, हा विषय पुढे तिने जवळजवळ स्वतःचाच करून टाकला.

इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्या छोट्या हिरव्या पुस्तकांची रांगच आहे. प्रत्येक पुस्तकात संख्याशास्त्राची एकच पद्धत, तीही शंभरेक पानांत. समासात पेन्सिलीने केलेल्या आकडेमोडी, कडा वापरून मऊ पडलेल्या. गणिताची धास्ती घेतलेल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या पुस्तकांनी हाताला धरून पुढे नेलं. पाठ्यपुस्तक असं लिहिता येतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

दिल्लीत सेज आली 1981 साली. तिची धुरा सांभाळली तेजेश्वर सिंह यांनी. दूरदर्शनवर इंग्रजी बातम्या वाचणारा तो भारदस्त आवाज माझ्या पिढीला आजही आठवत असेल. जात, पंचायतराज, स्त्रीप्रश्न, विकास यांवर भारतीय अभ्यासकांनी भारतातच लिहिलेली पुस्तकं त्यांनी काढली. 'कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी' आणि 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्ट्री रिव्ह्यू' ही जुनी नावाजलेली जर्नलंही सेजकडे आली. नंतर 'सेज भाषा' या नावाने हिंदी आणि मराठीतही पुस्तकं निघाली. हे काम लहान नव्हतं.

आता मालकीकडे येतो. त्याच काळात इंग्रजी जगातले स्वतंत्र प्रकाशक एकेक करून गिळले गेले. पर्गमॉन 1991 मध्ये एल्सेव्हियरकडे गेली, रूटलेज 1998 मध्ये टेलर अँड फ्रान्सिसकडे, ब्लॅकवेल 2007 मध्ये वायलीकडे. जॉर्ज 1990 मध्ये वारले. साराने मात्र संस्था विकली नाही आणि 2021 मध्ये ती एका स्वतंत्र ट्रस्टच्या हवाली केली, म्हणजे तिच्यामागेही कुणाला ती विकत घेता येऊ नये. मला या बाईबद्दल फार आदर वाटतो. जर्नलांच्या भरमसाट वर्गणीबद्दल सगळ्याच बड्या प्रकाशकांशी माझं भांडण आहे आणि त्यातून सेजही सुटत नाही. पण आपल्यानंतर काय, याचा विचार तिने हयातीत केला.

ही ढाल दिल्लीच्या पुस्तकांपर्यंत मात्र पोचली नाही. जर्नलाचे पैसे ग्रंथालयं वर्षभराचे आगाऊ भरतात. पुस्तक आधी छापावं लागतं, मग विक्रेत्याला उधारीवर द्यावं लागतं आणि न खपलेल्या प्रती परत घ्याव्या लागतात. कुठल्याही हिशेबनिसाने यातलं काय ठेवलं असतं ते उघड आहे. त्या पुस्तकांची बाजू घेणारं मालकीच्या खुर्चीत भारतातलं कुणी नव्हतं.

आपल्याकडे हे जमतच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी पॉप्युलर या मुंबईच्या प्रकाशनसंस्थेची आठवण करून देतो. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचा जातिसंस्थेवरचा ग्रंथ 1932 मध्ये लंडनहून निघाला होता. पुढे त्याच्या आवृत्त्या पॉप्युलरने काढल्या. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्यात राहत. त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारं पुस्तक 1956 मध्ये पॉप्युलर बुक डेपोनेच छापलं. समाजशास्त्रज्ञ अ. र. देसाईही तिथलेच लेखक. जगाने वाचावं असं समाजशास्त्र महाराष्ट्रातून छापून बाहेर जात होतं, तेही एका कुटुंबाच्या हिमतीवर. विद्यापीठांनी तेव्हा त्या हिमतीला संस्थेचं बळ द्यायला हवं होतं.

पैसा नाही हे कारण तर आता पटतच नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने सरकारी विद्यापीठं-कॉलेजांना जर्नलं वाचायला मिळावीत यासाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नलं. या प्रकाशकांत सेजही आहे. योजना चांगलीच आहे. इथे मला एका क्लिकवर मिळणारा लेख तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीलाही मिळायलाच हवा. पण आपण सहा हजार कोटी वाचण्यासाठी मोजतो आणि छापण्याचा विषय निघाला की बाजाराकडे बोट दाखवतो, हे मला मान्य नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मिळून एक प्रकाशन ट्रस्ट उभारावा. तो विकता येणार नाही असं त्याच्या घटनेतच लिहावं आणि संपादकांना कुलगुरूंच्या मुदतीशी बांधू नये. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तकं काढावीत. ते उभं राहीपर्यंत माझ्या प्राध्यापक मित्रांना एवढंच सांगणं आहे की पुढचा करार कुणाशीही करा, पण प्रकाशकाने पुस्तकं काढणं बंद केल्यास पुस्तकाचे सर्व हक्क आणि छपाईच्या फायली सहा महिन्यांत लेखकाकडे परत येतील, हे कलम घालून घेतल्याशिवाय सही करू नका.